कांद्याला गारवा नको असतो: उन्हाळ कांदा चाळीत का नासतो?

पीएचडी करणाऱ्या माणसाला गावाकडून दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, "तुझं कधी संपणार?" आणि दुसरा, "कांदा टिकवायला काही औषध निघालंय का?" पहिल्याचं उत्तर माझ्याकडे नाही. दुसऱ्याचं आहे, पण ते एका वाक्यात बसत नाही. म्हणून हा लेख.

गाव म्हणजे पुसेगाव. साताऱ्याचं, सेवागिरी महाराजांचं पुसेगाव नव्हे. हिंगोली जिल्ह्यातलं, सेनगाव तालुक्यातलं. आमचा भाग सोयाबीन, हळद आणि तुरीचा. नाशिककडे रस्त्याच्या कडेला चाळींच्या रांगाच्या रांगा दिसतात, तसं इथे दिसत नाही. इथे कांदा म्हणजे विहिरीला पाणी असेल त्याचा एकर-दीड एकर. एप्रिलमध्ये काढायचा, काही विकायचा, उरलेला पत्र्याच्या शेडमध्ये नाहीतर गोठ्याच्या कोपऱ्यात ढीग लावून ठेवायचा आणि पोळ्याच्या सुमारास वास यायला लागला की उकिरड्यावर न्यायचा. त्याच वेळी हळद शिजवून वाळवण्याची गडबड चालू असते, त्यामुळे चांगली जागा हळदीला आणि उरलीसुरली कांद्याला, असा हिशोब असतो.

हे नुकसान किरकोळ नाही. साध्या पद्धतीने चार-पाच महिने ठेवलेल्या कांद्यात २५ ते ४० टक्क्यांपर्यंत घट येते, असं आपल्याकडचे संशोधक बऱ्याच वर्षांपासून सांगत आहेत. हिशोब करून बघा. समजा मे महिन्यात १०० क्विंटल कांदा आहे आणि भाव १,२०० रुपये आहे. आज विकला तर १ लाख २० हजार. सप्टेंबरपर्यंत ठेवला आणि ३० टक्के गेला, तर ७० क्विंटल उरला. तेवढेच पैसे यायला भाव १,७१४ रुपये लागेल, आणि त्यात निवडायची मजुरी धरलेली नाही. नासाडी ३० वरून २० टक्क्यांवर आणली तर १,५०० रुपयांनाच बरोबरी होते. म्हणजे नासाडी दहा टक्क्यांनी कमी करणं हे क्विंटलमागे दोनशे रुपये भाव वाढण्यासारखं आहे. भाव आपल्या हातात नाही. २०२३ मध्ये ऑगस्टला निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं आणि डिसेंबरला निर्यातबंदीच आली, तेव्हा चाळ भरून बसलेल्यांनी काय भोगलं ते सगळ्यांनी पाहिलं. नासाडी मात्र बरीचशी आपल्या हातात आहे.

आता कोल्ड स्टोरेजबद्दल. "शहरात सगळं फ्रीजमध्ये टिकतं, मग सरकार गावोगाव कांद्यासाठी कोल्ड स्टोरेज का बांधत नाही?" हे मी इतक्या वेळा ऐकलंय की आधी तेच घेऊ. कांद्याचं सगळं विज्ञान या एका प्रश्नात लपलेलं आहे.

कांदा हे फळ नाही आणि मूळही नाही. तो पानांच्या फुगलेल्या बुडांचा गड्डा आहे. उभा कापला तर खाली एक चपटी चकती दिसते. तेच खरं खोड, आणि तिच्या मधोमध वाढीचा कोंब असतो. पात वाळून मान पडली की हा कोंब झोपी जातो. वनस्पतीच्या दृष्टीने कांदा हे वाईट दिवस काढण्याचं साधन आहे, आणि त्याच्या मूळ मुलखात, म्हणजे मध्य आशियाच्या बाजूला, वाईट दिवस म्हणजे कोरडा, कडक उन्हाळा. उन्हाळा संपून गारवा आला की उठायचं, नवी पात काढायची, हे त्याच्या अंगातच आहे.

१९६३ साली कॅलिफोर्नियात अब्दल्ला आणि मॅन या दोघांनी वेगवेगळ्या तापमानांना कांदे ठेवून बघितले. शून्य अंशाला कांदा झोपून राहिला, यात नवल नाही. पण ३० अंशालाही तो झोपून राहिला. सगळ्यात लवकर कोंब आले ते मधल्या तापमानाला, १५ अंशांच्या आसपास. साधारण १० ते २० अंश हा कांद्याला जागं करणारा पट्टा आहे. २५ अंशांच्या वर गेलं की झोप पुन्हा लांबते.

म्हणजे कांदा एकतर पार थंड ठेवायचा नाहीतर सरळ गरम ठेवायचा. अर्धवट गार करणं सगळ्यात वाईट. एसी लावून १८ अंशांची खोली करून त्यात कांदा ठेवणारा माणूस पैसे खर्चून कांद्याला उठवतो आहे.

मग सरळ शून्य अंशालाच का नको? चालतं, श्रीमंत देशांत तसं करतातही. पण त्याला सतत वीज लागते आणि हवेतली आर्द्रता ६५ ते ७० टक्के ठेवावी लागते. आपल्याकडची बहुतेक शीतगृहं बटाट्यासाठी बांधलेली आहेत. तिथे आर्द्रता ८५-९० टक्क्यांच्या वर ठेवतात, कारण बटाटा सुकू नये. त्या ओलाव्यात कांद्याला बुडातून मुळं फुटतात आणि बुरशी धरते. शिवाय सप्टेंबरमध्ये शून्य अंशावरून कांदा बाहेर काढला की बाटलीला सुटतो तसा त्याला घाम सुटतो. ओला, थंडीतून उठलेला कांदा बाजारात पोचेपर्यंत कोंब आणि काजळी दोन्ही तयार. पाच-दहा रुपये किलोच्या मालासाठी एवढा सगळा खटाटोप परवडत नाही.

गंमत अशी की हॉलंड-इंग्लंडमध्ये कांदा काढल्यावर आधी २८-३० अंशांची गरम हवा सोडून सुकवतात. त्यासाठी डिझेल नाहीतर गॅस जाळतात. ती गरम हवा आपल्याला एप्रिलमध्ये फुकट मिळते. आपली अडचण उष्णतेची नाहीच. आपली अडचण पाण्याची आहे: आधी कांद्यातून बाहेर जाणारं पाणी आणि नंतर बाहेरून कांद्यावर बसणारं पाणी.

"कांदा खराब झाला" असं आपण एका शब्दात म्हणतो, पण त्यात तीन वेगळ्या गोष्टी असतात: वजन घटणं, सडणं आणि कोंब येणं. तिघांची कारणं वेगळी, महिने वेगळे, उपायही वेगळे. एकाचा उपाय दुसऱ्याला मारक ठरू शकतो. सगळा घोळ इथेच होतो.

वजन घटणं ही सगळ्यात मोठी आणि सगळ्यात कमी दिसणारी चोरी. सडलेला कांदा डोळ्यांना आणि नाकाला कळतो, उडून गेलेलं पाणी कळत नाही. हवा किती तहानलेली आहे हे नुसत्या तापमानावरून ठरत नाही. ४० अंशांची एक घनमीटर हवा पोटात सुमारे ५१ ग्रॅम वाफ धरू शकते. मेमधल्या दुपारी आर्द्रता २५ टक्के असेल, तर तिच्यात जेमतेम १३ ग्रॅम असते. म्हणजे ३८ ग्रॅमची जागा रिकामी. जुलैच्या ढगाळ दिवशी २७ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असेल, तर रिकामी जागा राहते फक्त ४ ग्रॅमच्या आसपास. मेमधली हवा जवळजवळ दहापट तहानलेली. आमच्याकडचा मे नाशिकपेक्षा कडक असतो, त्यामुळे नाशिकची पद्धत जशीच्या तशी उचलली की पहिल्या दीड महिन्यातच कांदा हलका होतो. आणि "कांद्याला वारा पाहिजे" म्हणून मेमध्ये चाळीवर पश्चिमेची झळ सरळ येऊ दिली, तर आपणच पाणी काढून देतो.

यात कांद्याचं स्वतःचं संरक्षण म्हणजे वाळलेली पत्ती आणि बंद झालेली मान. पाणी जास्त करून मानेतून, बुडाच्या चकतीतून आणि सालीच्या भेगांतून जातं. म्हणून डबल पत्तीचा, बारीक मानेचा कांदा टिकतो, आणि म्हणूनच दर आठ दिवसांनी ढीग वरखाली करणारा हौशी माणूस नुकसान करतो. प्रत्येक वेळी पत्ती निघते, खरचटतं. नासका दिसला किंवा वास आला तर काढा, पण कारण नसताना कांदा परतू नका.

आता सडणं. जून संपताना पाऊस स्थिरावतो, आर्द्रता चढते, आणि बुरशीचे दिवस येतात. माझ्या अभ्यासाच्या जवळचा विषय हा, त्यामुळे इथे जरा थांबते. मानेपाशी आणि वरच्या पापुद्र्याखाली जी काळी भुकटी दिसते ती ॲस्परजिलस नायजर नावाची बुरशी. तिला सुमारे ३० अंशांचं तापमान फार मानवतं, म्हणजे आपल्या चाळीची ऊबच तिच्या सोयीची. पण तिचं बीज रुजायला ओलावा लागतो. कोरड्या सालीवर ती महिनोन्‌महिने नुसती पडून राहते. ती मातीत असते, बियाण्यावरही असते. म्हणजे ती चाळीत बाहेरून येत नाही, कांद्याबरोबरच येते. तिला रोखण्याचा खरा मार्ग म्हणजे तिला पाणी न देणं.

दुसरी सड बुडातून येते, फ्युजेरियम बुरशीची. ती शेतातच लागलेली असते, चाळीत फक्त उघडी पडते. तिसरी जिवाणूंची: कांदा वरून ठणठणीत, दाबला की पचकन पाणी, आणि आंबूस घाण वास. यातल्या एका जिवाणूची गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९५० मध्ये अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात वॉल्टर बर्कहोल्डर या शास्त्रज्ञाने सडक्या कांद्यांवरून त्याचं वर्णन केलं. पुढे तोच जिवाणू फुप्फुसाच्या एका आनुवंशिक आजाराच्या रुग्णांमध्ये जीवघेणा संसर्ग करताना सापडला. आज त्याला बर्कहोल्डेरिया सेपासिया म्हणतात, आणि त्या दुसऱ्या नावात लॅटिनमधला कांदा अजून आहे. हा जिवाणू मानेतून आणि जखमेतून शिरतो. हिरवी, ओली मान कापली की त्याला दार उघडलं.

लाल कांद्याच्या सालीत स्वतःचं थोडं औषधही असतं. १९३० च्या आसपास अमेरिकेत लिंक आणि वॉकर यांनी दाखवलं की रंगीत कांद्याच्या वाळलेल्या सालीत कॅटेकॉलसारखी द्रव्यं असतात, आणि कांद्याच्या सालीवर काळे डाग पाडणारी एक बुरशी त्यांच्यापुढे टिकत नाही. पांढऱ्या कांद्यात ती नसतात, म्हणून त्याच्यावर ते डाग पडतात. ही द्रव्यं सगळ्याच बुरशांवर चालतात असं नाही. पण पत्ती म्हणजे नुसता कचरा नव्हे, एवढं त्यावरून कळतं.

तिसरी गोष्ट कोंब. झोप टिकवणारं ॲब्सिसिक आम्ल नावाचं एक संप्रेरक कांद्यात असतं. इंग्लंडच्या क्रॅनफिल्ड विद्यापीठातल्या अभ्यासांत असं दिसलं की साठवणीत ते कमी कमी होत जातं आणि अगदी तळाला पोचलं की कोंब हलू लागतो. ही झोप किती लांब असेल हे मुख्यतः वाणावर ठरतं. खरिपाचा पोळ कांदा आणि त्याच्यामागून येणारा रांगडा यांची झोप तोकडी, मान जाड. तो साठवायच्या भानगडीत पडूच नये, लगेच विकावा. साठवायचा तो रब्बीचा, म्हणजे उन्हाळ कांदा. त्यात एन-२-४-१ हा जुना भरवशाचा वाण, नाहीतर ॲग्रिफाउंड लाइट रेड, नाहीतर राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाचे भीमा किरण आणि भीमा शक्ती. हे नीट सुकवून ठेवले तर पाच महिने काढतात. आमच्याकडे मात्र बी "मागच्या वर्षी शेजाऱ्याकडे चांगला आला होता" या आधारावर घेतलं जातं. शेजाऱ्याने तो कांदा एप्रिलमध्येच विकलेला असतो, टिकतो की नाही हे त्यालाही माहीत नसतं!

कोंबावर एक आधुनिक उपाय आहे: विकिरण. भाभा अणुसंशोधन केंद्राने लासलगावला 'कृषक' नावाचं केंद्र उभं केलं, २००२-०३ च्या सुमारास, खास कांद्यासाठी. कोबाल्ट-६० मधून निघणारे गॅमा किरण अगदी थोड्या मात्रेत दिले की मधल्या कोंबाच्या पेशींची विभागणी थांबते आणि कोंब येत नाही. कांदा किरणोत्सारी होत नाही, खायला सुरक्षित असतो. पण तीन अटी आहेत. कांदा झोपेत असतानाच, म्हणजे काढणीनंतर लवकर किरण द्यावे लागतात. त्याने फक्त कोंब थांबतो; पाणी उडायचं थांबत नाही आणि सडही थांबत नाही. आणि कांदा तिथपर्यंत नेऊन परत आणायचा खर्च येतो. लासलगावचं ते केंद्र पुढे २००७ पासून अमेरिकेला जाणाऱ्या आंब्यांसाठी जास्त गाजलं, यातच काय ते आलं: आंब्याला हा खर्च पेलतो, कांद्याला कुंथत. २०२४ मध्ये राज्य सरकारने विकिरणावर आधारलेल्या कांद्याच्या 'महाबँके'ची घोषणा केली. मोठ्या साठ्यासाठी, सरकारी खरेदीसाठी ते ठीक आहे. पुसेगावातल्या एकरभर कांद्याची पहिली गरज ती नाही, असं माझं मत आहे. आपल्याकडे कोंबाची पाळी येण्याआधीच अर्धं नुकसान पाण्याने केलेलं असतं.

मग काय करायचं?

निम्मी लढाई चाळीत शिरण्याआधी होते. युरिया उशिरापर्यंत टाकला की कांदा मोठा दिसतो, पण मान जाड राहते आणि पेशी पाणचट होतात. लागवडीनंतर दोन महिन्यांनी नत्र द्यायचंच नाही. काढणीआधी दोन-तीन आठवडे पाणी तोडायचं. इथे जीव कासावीस होतो हे कळतं, कारण शेवटच्या पाण्याने वजन वाढतं. पण ते वजन मेमध्ये उडून जातं आणि जुलैमध्ये सडतं. मोंढ्यावर लगेच विकायचा असेल तर गोष्ट वेगळी.

साधारण निम्म्या माना पडल्या की काढायचा. काढल्यावर शेतातच तीन-चार दिवस ओळीने असा पसरायचा की एका ओळीची पात मागच्या ओळीच्या कांद्यावर येईल. हे झाकणं आमच्या भागात फार महत्त्वाचं आहे. ४२ अंशांच्या उन्हात उघड्या कांद्याचा पृष्ठभाग हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो आणि आतून अक्षरशः शिजतो. तो डाग पुढे जिवाणूंचं घर होतो. मग इंचभर मान ठेवून पात कापायची, पीळ देऊन तोडायची नाही, आणि सावलीत दहा-पंधरा दिवस पातळ थरात सुकवायचा. मान चिमटीत धरली की कागदासारखी वाजली पाहिजे. नुसतं एवढं केलं तरी पुढची बरीच सड टळते, आणि याला एक रुपयाचं अनुदान लागत नाही. लागते ती जागा. ती हळदीने अडवलेली असते, हे खरं दुखणं आहे.

निवडताना डेंगळे, जोडकांदे, जाड मानेचे, कापलेले बाजूला काढून आधी खाऊन-विकून टाकायचे. चिंगळीही चाळीत नको; ती मोठ्या कांद्यांमधल्या फटी बुजवते आणि वारा अडवते. मध्यम आकाराचा माल सारखा रचला तर त्याच्या फटींतून हवा आपोआप चालते. आणि अवकाळीत भिजलेला कांदा कितीही चांगला दिसत असला तरी साठवायचा नाही.

आता चाळ. कांदा चाळीची शास्त्रीय रचना म्हणजे मुळात वाऱ्याची वाट आहे. तळ जमिनीपासून दीड-दोन फूट वर, बांबूचा किंवा लाकडी पट्ट्यांचा, फटी ठेवून. खालून हवा शिरते, कांद्याच्या स्वतःच्या उबेने किंचित तापते, हलकी होऊन वर जाते आणि छपराखालून निघते. एका कप्प्याची रुंदी चार फूट, कांद्याची उंची चार-पाच फूट, त्याहून जास्त नाही. उंची वाढवली तर खालचा कांदा दबतो आणि मधे ऊब कोंडते. एकपाखी चाळ दक्षिणोत्तर, दुपाखी पूर्व-पश्चिम बांधायची. जागा किती लागते ते सोपं आहे: एक घनमीटरमध्ये साधारण साडेपाच-सहा क्विंटल कांदा मावतो, म्हणजे चार फूट रुंद आणि पाच फूट उंच कप्प्यात लांबीच्या दर मीटरला सुमारे एक टन. एकराच्या दहा टनांना दहा-अकरा मीटर लांबीची एकपाखी चाळ पुरते.

छप्पर मात्र आमच्याकडे सगळ्यांचं चुकतं, कारण पत्रा स्वस्त आणि हाताशी असतो. पत्रा दुपारी भट्टी होतो आणि पावसाळ्यातल्या पहाटे गार पडून आतल्या बाजूने घाम गाळतो. तो थेंब सरळ वरच्या थरावर. ॲस्परजिलसला याहून वेगळं काय पाहिजे? कौलं परवडत नसतील तर पत्र्यावर उसाचं पाचट किंवा गवताचा जाड थर बांधायचा, आणि कांदा व पत्रा यांच्यात भरपूर मोकळी जागा सोडायची. वळचण इतकी पुढे काढायची की पावसाचा झपकारा आत येणार नाही.

आणि आता आमच्या भागाची खास गोष्ट. मे आणि जुलै या दोन महिन्यांत चाळ एकसारखी असून चालणार नाही. मेमध्ये पश्चिमेच्या बाजूने तुराट्यांचा कूड किंवा शेडनेट लावून दुपारची झळ तोडायची, वारा थोडा झिरपू द्यायचा. पाऊस सुरू झाला की तो कूड काढायचा, दोन्ही बाजू मोकळ्या करायच्या. तुराट्या आपल्याकडे ढिगाने असतात, जाळण्याआधी दोन महिने हे काम करतील.

पंखा लावावा का, असंही विचारतात. लावा, पण तो कधी चालवायचा हे कळलं पाहिजे. जुलैच्या रात्री बाहेरची हवा २५ अंश आणि ९० टक्के आर्द्रतेची असते. ती तशीच आत ढकलली तर आपण ओलावा ओततो आहोत. पण हीच हवा तीन अंशांनी तापवली, २८ वर नेली, तर तिची आर्द्रता ७६ टक्क्यांवर येते. वाफ तेवढीच, पण हवेची तहान वाढली. तीन अंश म्हणजे फार नाही. काळ्या रंगाच्या पत्र्याखालून दिवसा हवा ओढून चाळीच्या तळाला सोडली तरी तेवढी ऊब मिळते. म्हणून पावसाळ्यात पंखा ऊन पडल्यावर, दुपारी चालवायचा आणि रात्री बंद ठेवायचा. "गार हवा रात्री असते म्हणून रात्री पंखा" हे घरातल्या माणसांसाठी बरोबर आहे, कांद्यासाठी नाही.

अनुदानाबद्दल दोन ओळी. चाळीला बरीच वर्षं टनामागे कमाल ३,५०० रुपयांपर्यंत मदत मिळत होती. दर आणि अटी बदलत असतात, त्यामुळे महाडीबीटीवर किंवा तालुका कृषी कार्यालयात चालू वर्षाचं बघून घ्यावं. तोंडापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा परभणीच्या विद्यापीठातही विचारता येतं. पण अनुदान २५ टनांचं मिळतंय म्हणून दहा टनवाल्याने २५ टनांची चाळ बांधू नये. पहिल्या वर्षी बांबू-तुराट्यांची पाच टनांची करून बघावी.

आणि ज्यांना खरंच बघायचंय त्यांनी एवढं करा. तीन जाळीच्या पिशव्या घ्या, प्रत्येकीत दहा किलो निवडलेला कांदा भरा, चिठ्ठी बांधा. भरताना एक तळाशी, एक मधे, एक वर ठेवा, आणि ओढून काढता येतील अशा दोऱ्या बाहेर सोडा. दर महिन्याच्या पंधरा तारखेला तिन्हींचं वजन करा आणि नासके मोजून वहीत लिहा. जूनपर्यंतच वजन दीड-दोन किलोने उतरलं आणि नासका एकही नाही, तर झळ जास्त लागते आहे. कूड दाट करा. ऑगस्टमध्ये मधल्या पिशवीत सड जास्त निघाली, तर थर उंच झालाय किंवा चिंगळी मिसळली आहे. फक्त वरच्या पिशवीत काजळी असेल तर पत्र्याखाली उभं राहून पहाटे वर बघा. आणि तिन्हींत कोंब दिसायला लागले, तर चाळीचं काही चुकलेलं नाही, कांदा त्याच्या वेळेला उठलाय. भाव काहीही असो, त्या आठवड्यात बाजार गाठा.